तळपायातला 'किडनी वन' पॉइंट नक्की कुठे असतो?

विश्रामबागची सून
सासूबाई ६८ च्या आहेत, १२ वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. रात्री तळपायाची नुसती आग आग होते म्हणतात आणि दोन-दोन वाजेपर्यंत बाथरूमच्या दारात ओल्या फरशीवर पाय टेकवून बसतात, बघवत नाही हो. जाऊबाई म्हणाल्या चिनी पद्धतीत तळव्यात किडनी वन म्हणून पॉइंट असतो, तो दाबला की झोप लागते. रोज दाबते पण जागा बरोबर आहे का कळत नाही, काल जरा जोर लागला तर ओरडल्याच. मिरजेत सुया टोचणारे एक जण आहेत म्हणे, न्यावं का?

कराडकर
ताई त्याचं चिनी नाव युंगच्वान, म्हणजे उसळणारा झरा. पायाची बोटं खाली वळवा, तळव्याला पुढच्या बाजूला खळगा पडतो बघा, तोच. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या बेचक्यापासून टाचेपर्यंत रेघ धरून ३ भाग केले की पुढचा भाग संपतो तिथं. किडनीच्या मेरिडियनचे, म्हणजे अंगातली शक्ती वाहते असं चिनी पद्धतीत मानतात त्या वाटेचे, २७ पॉइंट, त्यातला हा पहिला. डोक्यात चढलेलं खाली ओढून आणतो असं ते मानतात म्हणून झोपेला सांगतात. अंगठ्याच्या पेराने दाबायचं, नखाने नाही. सुई मात्र इथं लई दुखते.

कोरेगावची माहेरवाशीण
आमच्याकडे आई काशाच्या वाटीनं तूप लावून तळवे घासायची, मी पाचव्या मिनिटाला झोपलेली असायचे. आयुर्वेदातलं तलहृदय मर्म पण तळव्याच्या मध्यावरच, मधल्या बोटाच्या रेषेत, म्हणजे तुमच्या पॉइंटच्या जवळच की. फक्त तूप काळं झालं की उष्णता निघाली म्हणतात ते काही खरं नाही, कासं म्हणजे तांबं आणि कथील, घासल्यावर धातूचाच काळा रंग उतरतो.

शुगर ओपीडीतली सिस्टर
सुया नको, आधी पाय तपासून घ्या, कळकळीने सांगते. इतक्या वर्षांच्या शुगरला अशी आग बऱ्याचदा नसांची असते, आणि आग होणारा पाय दुसऱ्या जागी बधिर पण असतो. डोळे मिटायला लावून नायलॉनची तार १० ग्रॅमच्या दाबाने तळव्याला टेकवतात, कळतं का विचारतात, दोन मिनिटांचं काम. मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ पण बघा, वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं. शेक तर अजिबात नको. माझ्या वडिलांना गरम पाण्याच्या पिशवीने केवढा फोड आला, त्यांना पत्ताच नाही, सकाळी चादरीला डाग दिसला तेव्हा कळलं.

विश्रामबागची सून
सिस्टर, पाकिटावर मेटफॉर्मिनच लिहिलंय. आणि आत्ता बॅटरी लावून तळवे बघितले तर डाव्या टाचेच्या भेगेत बारीक खडा रुतलेला, मी काढला तरी त्या टीव्हीच बघत होत्या. सोमवारी नेतेच.