अंध आणि कर्णबधिर मुलांचं शिबिर : जांबोटीत की हॉलमध्ये?

वडगावची आई: काल इथे कुणीतरी लिहिलं, "अशा मुलांना रानात कशाला न्यायचं? बेळगावात हॉल घ्या, गाणी लावा, खाऊ द्या." कर्णबधिर मुलांना गाणी? माझ्या मुलाला जन्मापासून दिसत नाही. गेल्या मे महिन्यात त्याला जांबोटीजवळ काजूच्या बागेत नेलं. बोंड चाचपताना खाली लोंबणारी बी हाताला लागली. "आई, बी बाहेर कशी गं?" म्हणत कितीतरी वेळ सोडेचना. हॉलमध्ये हे कुठून आणणार?

खानापूरकर: पोस्ट माझीच. गाण्यांचं चुकलं, मान्य. पण वळीव आला, लाईट गेली, तर ऐकू न येणाऱ्या पोराला अंधारात हाक कशी मारणार ओ? माझ्या पुतणीचं कानाचं मशीन एका शिबिरात भिजलं. आयोजकांनी हात वर केले. दोन महिने पोरगी गप्प बसून होती.

निपाणीची शिक्षिका: त्यावर उपाय आहेत. प्रत्येकाकडे बॅटरी द्यायची, बोलणाऱ्यानं उजेड स्वतःच्या तोंडावर आणि हातांवर धरायचा. झोपताना मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात. खोलीपासून बाथरूमपर्यंत कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधायची. आणि अंध मुलाला ओढत नेऊ नका, त्याला तुमचं कोपर धरू द्या. फक्त पालकांचं पत्रक मागच्या वेळी कन्नडमध्येच होतं, ते बदला.

शहापूरवाला: बदलाच! १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून हेच सोसतोय. बसची पाटी कन्नड, जमिनीचा उतारा कन्नड, आता शिबिरपण?

वडगावची आई: दादा, आमच्या शेजारची कन्नड मुलगीपण येणार आहे. तिच्या आईनं काय वाचायचं?

शहापूरवाला: म्हणजे इथेही आम्हीच समजून घ्यायचं! माझ्या आईला दवाखान्यातला कागद वाचता आला नाही, गोळ्या चुकल्या. तुम्हाला काय कळणार?

निपाणीची शिक्षिका: तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं, म्हणूनच पत्रक दोन्ही भाषांत हवं. मुलांचं म्हणाल तर भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भाषांसाठीच्या उठावाच्या ठिपक्यांच्या लिपीत, मराठी 'क' आणि कन्नड 'क' एकच, ठिपका १ आणि ३. माझ्या वर्गातली कर्णबधिर मुलं कुठल्याही घरची असोत, खुणांनी तासन्‌तास भांडतात.

शहापूरवाला: दोन्ही भाषांत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण मराठी वर पाहिजे.

खानापूरकर: वर-खाली नंतर बघा. एकच रात्र ठेवा, आणि मशीन भिजलं तर पैसे कोण भरणार ते आधी कागदावर द्या. मग पुतणीला पाठवतो.