मोटरसायकलला कारचा टायर: वापरलाय का? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, हा धागा अवजड टूरिंग गाड्या चालवणाऱ्यांसाठी. अमेरिकेत गोल्डविंग, व्हॅल्किरी, ट्रायम्फ रॉकेट अशा गाड्यांच्या मागच्या चाकाला कारचा टायर घालणारे बरेच लोक भेटतात. त्यांना इथे 'डार्कसायडर' म्हणतात. माझी २०१५ची गोल्डविंग आहे, राहतो टेक्सासात. सरळसोट रस्त्यांमुळे मागचा टायर मधोमध गोटा झालाय, कडा मात्र अजून कोऱ्या. मूळ माप १८०/६० आर १६. त्याच रिमवर लोक १९५/५५ आर १६ मापाचा कारचा रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारा टायर, चढवतात. (शेवटचा १६ हा रिमचा इंचांतला व्यास.) गाडीचा स्वतःचा टायर आमच्याकडे दहा-बारा हजार मैलांत संपतो, कारचा त्याच्या दुप्पट-तिप्पट जातो असं वापरणारे सांगतात. टायर बनवणारे मात्र ठामपणे 'नको' म्हणतात.

ऐकीव मतं भरपूर वाचून झाली. ज्यांनी स्वतः चालवला, बसवला किंवा विचार करून सोडून दिला, त्यांनी लिहा. गाडी कोणती, रस्ते कसे आणि मागे कुणी बसतं का, एवढं नक्की सांगा. दोन चाकांवर घरची माणसं बसवून आपण निघतो, म्हणून इतक्या खोलात विचारतोय.

सॅन अँटोनिओ, टेक्सास

मी वापरतो, आणि समाधानी आहे. गाडी तुमचीच, मागे बायको आणि तिन्ही डिक्क्या भरलेल्या. मला पटलेला मुद्दा वजनाचा. टायरवर लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलू शकतो त्याचा सांकेतिक आकडा, छापलेला असतो. माझ्या जुन्या टायरवर ७४ होता, म्हणजे ३७५ किलो. कारच्या टायरवर ८७ आहे, म्हणजे ५४५ किलो. गाडीच ४०० किलोच्या वर, त्यात आम्ही दोघं आणि सामान. आय-१० हायवेवर पश्चिमेकडे वेगमर्यादा ताशी ८० मैल आहे आणि उन्हाळ्यात डांबर नुसतं पेटलेलं असतं. तिथे हे अंतर मला मोठं वाटतं.

आता चालवण्याचं. पहिल्या वळणालाच कळतं की काहीतरी बदललंय. मोटरसायकलच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कडेपासून कडेपर्यंत गोलाकार असतो, हँडल जरा दाबलं की गाडी आपसूक कलते आणि तिथे थांबते. कारचा टायर सपाट. त्याला उभंच राहायचं असतं. वळण संपेपर्यंत आतल्या बाजूचं हँडल दाबून धरावं लागतं, सोडलं की गाडी उभी व्हायला बघते. सवय होते. सवय न होणारी गोष्ट म्हणजे ट्रकांनी पाडलेली चाकोरी. रुंद सपाट टायर तिच्या कडेवर चढला की मागचं चाक बाजूला ओढल्यासारखं होतं. हवेचा दाब थोडा थोडा बदलून मला जमलं तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण तो माझ्या वजनाचा आणि माझ्या टायरचा आहे.

ॲशव्हिल, नॉर्थ कॅरोलायना

वरच्या प्रतिसादातलं एकही वाक्य खोटं नाही, पण रस्ते बदलले की हिशोब बदलतो. आमच्याकडून टेल ऑफ द ड्रॅगन नावाचा डोंगरातला रस्ता जवळ आहे. ११ मैलांत ३१८ वळणं. व्हॅल्किरीला कारचा टायर घालून मी तिथे गेलो होतो आणि परत आल्यावर काढून टाकला.

कारण सांगतो. मोटरसायकल वळते ती कलल्यामुळे. टायर गोल असल्याने कललेल्या गाडीखालीही रबराचा तेवढाच पट्टा रस्त्याला टेकलेला राहतो, आणि त्या कलण्यातूनच वळणाच्या आत ढकलणारा जोर मिळतो. कारचा टायर उभा राहून काम करायला बनवलेला. गाडी झोपवली की तो आपल्या खांद्यावर चढतो, बाजूची भिंत दुमडते. सपाट रस्त्यावर तेही चालून जातं. पण वळणाच्या मध्यावर एखादा उंचवटा आला की तो गाडीला उभं करायला धक्का देतो, आणि उभी झालेली गाडी वळणाबाहेर जाते. ड्रॅगनवर बाहेर म्हणजे एकतर समोरून येणारी लेन, नाहीतर झाड.

कारच्या टायरवर तिथे माझ्यापेक्षा जोरात जाणारे लोक मी पाहिलेत. त्यांचं कसब मानतो. मला मात्र घाटात टायरशी झटायचं नाही, रस्त्याकडे बघायचंय.

डेट्रॉईटजवळ, मिशिगन

चालवण्याबद्दल सगळे बोलतात, बसवण्याबद्दल कमी. दुकानदाराने हात लावायला नकार दिला म्हणून मी घरी प्रयत्न केला. गोल्डविंगचं मागचं चाक काढणं सोपं: जॅकवर उचला, एकाच बाजूचा आर्म आहे, कारसारखे पाच नट. जुना टायर उतरला, नवा चढला. रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून हवा भरायला लागलो. एका बाजूचं बीड, म्हणजे रिममध्ये घट्ट बसणारी टायरची तारेची कड, 'ठप्प' करून बसलं. दुसरं पाऊण भाग बसलं आणि एका ठिकाणी आतच राहिलं. टायरच्या बाजूवर बीडच्या गोलाईबरोबर एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. माझ्याकडे ती एका जागी रिमखाली गडप झाली होती.

टायरवरच छापलेलं होतं: बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. लोक त्याहून कितीतरी जास्त हवा भरून बसवतात. मी थांबलो. हवा सोडली, टायर उन्हात तापवला, पुन्हा साबण लावला, पुन्हा ४०. नाही बसला. मोटरसायकलच्या रिमची बीड बसायची जागा आणि कारच्या रिमची जागा एकसारखी नसते, आकड्यात दोन्ही १६ इंच असले तरी. जास्त दाबाखाली बीडमधली तार तुटली तर टायर स्फोटासारखा फुटतो, आणि तेव्हा आपलं तोंड त्याच्यावर वाकलेलं असतं. टायर परत केला. ज्यांना घरी करायचंय त्यांनी निदान लांब नळी आणि लॉक होणारा चक (नळीचं व्हॉल्व्हवर बसणारं टोक) वापरा, आणि हवा भरताना बाजूला उभे राहा. हे मी कळकळीने सांगतोय.

पोर्टलंड, ऑरेगॉन

माझ्या गाडीला साइडकार जोडलेली आहे, ती कलतच नाही. त्यामुळे मागे १५ इंची चाक करून घेतलं आणि कारचा टायर लावला. गोल टायर मधूनच झिजून वाया जायचा. ट्राइकच्या (तीनचाकी मोटरसायकलच्या) मागच्या चाकांचंही तेच. झुकणाऱ्या गाडीवर मी लावणार नाही.

सातारा

आपल्याकडे हा प्रश्न का येत नाही तेही सांगतो. बुलेट-क्लासिकची चाकं १८-१९ इंची आणि रिम अरुंद. त्यावर कारचा टायर बसूच शकत नाही. शिवाय गाड्या हलक्या, टायर स्वस्त आणि टिकाऊ, मग खटाटोप करायचा कशाला? सौराष्ट्रात बुलेटचा छकडा, म्हणजे तीनचाकी गाडी, करतात, पण त्याची मागची दोन चाकं कुठे कलतात!

आमच्याकडची हौस वेगळी: मागे जाडजूड टायर. अरुंद रिमवर रुंद टायर घातला की तो दोन्हीकडून चिमटला जातो, मधे टोकदार होतो आणि वळणात गाडी एकदम पडल्यासारखी कलते. एकाचा टायर चेनला घासून बाजूने सोलवटलेला मी स्वतः पाहिलाय. खंबाटकी उतरताना तो फुटला असता तर? पोरांनो, गाडीवर लिहिलेलं माप सोडू नका.

डॅलस, टेक्सास

मी मागे बसते, म्हणून मागच्या सीटचं सांगते. सरळ रस्त्यावर खरंच आरामशीर वाटलं. हायवेवरून उतरायच्या गोल रॅम्पवर मात्र यांचे खांदे ताठ झालेले मला जाणवायचे, आधी कधी जाणवले नव्हते. मला आधी न विचारता टायर बदलू नका, एवढंच म्हणणं आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बीडजवळच्या रेघेचा मुद्दा तर मी पहिल्यांदाच ऐकला. सप्टेंबरात आम्ही दोघं ब्लू रिजच्या डोंगरांत जाणार आहोत, त्यामुळे मोटरसायकलचाच टायर मागवलाय, पण या वेळी लोड इंडेक्स ८० म्हणजे ४५० किलोचा. सॅन अँटोनिओचं वजनाचं म्हणणं त्यातून बरंचसं भागतं.

अजून एक. काही जण पुढच्या चाकाला मोटरसायकलचा मागचा टायर उलट दिशेने फिरवून लावतात, १३०/७०-१८ मापाचा. तो कुणी वापरला असेल तर पावसात ब्रेक मारल्यावर पुढचं चाक कसं वागतं ते लिहा.