आवाजाच्या करारातील ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’: सही करावी का?

राजारामपुरीची_निवेदिका

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहून स्वतंत्रपणे व्हॉइसओव्हरचे काम करते. घरातील एका लहान खोलीच्या भिंतींना गाद्या आणि जाड पडदे लावून ती रेकॉर्डिंगपुरती शांत करून घेतली आहे. तरीही जुलैचा पाऊस शेजारच्या पत्र्यावर कोसळू लागला की माइक बंद करून थांबण्याखेरीज इलाज नसतो आणि उघडीप मिळेल तेव्हा, मग ती भल्या पहाटे का असेना, काम उरकावे लागते.

सध्या हातावेगळी झालेली कामे म्हणजे एका कथासंग्रहाचे ऑडिओबुक आणि एका साखर कारखान्याची सुरक्षाविषयक चित्रफीत. त्यातले दुसरे काम विशेष मनाजोगे झाले. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी हंगामी कामगारांना ती दाखवायची होती, पण संहिता इंग्रजीवरून उतरवलेली असल्यामुळे एकेक वाक्य चार-चार ओळींचे होते. गव्हाणीजवळ, म्हणजे ऊस टाकतात तिथे, उभ्या असलेल्या माणसाला काय करायचे हे कळण्यासाठी क्रियापदाची वाट पाहावी लागू नये, म्हणून अधिकाऱ्यांच्या संमतीने मी वाक्ये तोडली, ‘थांबा’, ‘मागे सरा’ या सूचना सुरुवातीला आणल्या आणि प्रत्येक सूचनेनंतर अर्ध्या सेकंदाची जागा मोकळी सोडली.

प्रश्न आहे तो पुढच्या कामाचा. शालेय विज्ञानाच्या धड्यांचे निवेदन करण्यासाठी बाहेरगावच्या एका कंपनीने करार पाठवला आहे. त्यात ‘ध्वनिमुद्रण, आवाज व त्यावर आधारित सर्व निर्मिती’ यांचे हक्क, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी त्यांच्याकडे राहतील असे म्हटले आहे. मोबदला एकरकमी आहे. या शब्दरचनेत यंत्राने माझा आवाज तयार करणेही येते का? सही करण्यापूर्वी काय बदलून घ्यावे?

करारवाचक

ताई, त्या वाक्यातील ‘आवाज’ हा शब्द आधी काढून घ्या. कंपनीला हवे आहे ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. आपला आवाज ही त्याहून फार मोठी गोष्ट आहे. ‘त्यावर आधारित सर्व निर्मिती’ हे शब्द इतके सैल आहेत की उद्या आपण कधीच न उच्चारलेले धडे आपल्या आवाजात तयार झाले, तर कंपनी याच वाक्याकडे बोट दाखवील.

आपली बाजू अगदीच लंगडी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क मान्य केलेले असून त्यांची मुदत ५० वर्षांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने ते अधिक भक्कम झाले. मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा. चित्रपटाच्या बाबतीत ज्याचे सादरीकरण प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत नाही, त्याला कायदा मर्यादित अपवाद वगळता सादरकर्ता मानत नाही. त्यामुळे चित्रफितीच्या शेवटी ‘निवेदन’ म्हणून आपले नाव यावे, हा आग्रह मानापुरता नाही, त्याला हक्काचे वजन आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले, तेव्हा आवाज ही व्यक्तीची ओळख आहे हा विचार आपल्या न्यायालयांना नवा राहिलेला नाही. तरीही कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा करारातील एक वाक्य बदलणे केव्हाही स्वस्त पडते.

शाहूपुरी_साउंड

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु तो सरसकट लावू नये, असे छोटा स्टुडिओ चालवताना वाटते. आमच्याकडे कापड दुकानाच्या सेलची जाहिरात, जोतिबाच्या चैत्र यात्रेतील गर्दीसाठीच्या सूचना, दवाखान्याच्या फोनवरचा संदेश अशी कामे येतात. अशा गिऱ्हाइकापुढे मुदत, माध्यम आणि प्रदेश यांचे चार पानी कलम ठेवले तर तो दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या मोबाइलवर आवाज भरून घेतो. तिथे व्हॉट्सअॅपवर दोन ओळी लिहून घ्याव्यात: काम कशासाठी आणि यंत्राला शिकवण्यासाठी वापरणार नाही. विज्ञानाचे धडे वर्षानुवर्षे चालणारे असतात, तिथे मात्र ताठ राहावे. हवे तर धड्यांपुरता कायमचा वापर मान्य करून त्याची किंमत वेगळी लावावी.

ग्रंथवाचक

मी मुख्यतः ऑडिओबुके वाचतो. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचे अॅप भारतात आल्यापासून मराठीत हे काम वाढले, आणि त्याबरोबर तासन्‌तास स्वच्छ, एका सुरातील ध्वनिमुद्रण देणेही आमच्या अंगवळणी पडले. यंत्राला आवाज शिकवण्यासाठी नेमके असेच ध्वनिमुद्रण सोयीचे असते, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगतो: संपादन केलेल्या अंतिम फाइल द्याव्यात, कच्चे रेकॉर्डिंग देऊ नये. गुणवत्तेची खात्री हवी असेल तर कंपनीने आकडे लिहून द्यावेत. उदाहरणार्थ, ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स या व्यासपीठाला सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान, कमाल पातळी उणे ३ पर्यंत आणि खोलीतील खरखर उणे ६० च्या खाली लागते. असे मोजमाप ठरलेले असले की ‘तपासणीसाठी सगळे मूळ रेकॉर्डिंग पाठवा’ या मागणीला आधार उरत नाही.

फेरमुद्रणाचेही कलम घालून घ्या. उच्चार चुकला तर तो आपण विनामूल्य दुरुस्त करावा. पण संहिता मागाहून बदलली तर ते नवे काम आहे. विज्ञानाच्या धड्यांत व्याख्या हमखास बदलतात आणि महिन्याभराने तोच घसा, तेच अंतर, तोच सूर जुळवून एक वाक्य बसवणे हे पूर्ण परिच्छेद वाचण्यापेक्षा कष्टाचे असते.

राजारामपुरीची_निवेदिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. कंपनीला आजच मसुदा पाठवत आहे: धड्यांच्या निवेदनापुरता कायमचा वापर मान्य, त्यासाठी वाढीव मोबदला, ‘आवाज’ आणि ‘आधारित निर्मिती’ हे शब्द वगळावेत, ध्वनिमुद्रणाचा उपयोग आवाजाचे यंत्रनिर्मित प्रतिरूप करण्यासाठी होणार नाही, श्रेयनामावलीत नाव, आणि संहिता बदलल्यास प्रति मिनिट वेगळा दर. शेवटून दुसरी अट मी स्वतःहून कधीच घातली नसती. त्यांनी यंत्राविषयीचे कलम नाकारले तर हे काम घेणार नाही, एवढे ठरवले आहे.