घरगुती वीजग्राहकाला सरकारी वकील हवा का?

तापीकाठ (जळगाव)

परवा शेजारच्या मावशींना त्यांचं वीजबिल वाचून दाखवत होतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर 16 टक्के वीज शुल्क. मावशींनी विचारलं, "हे ठरवतं कोण?" म्हटलं, मुंबईत वीज नियामक आयोग आहे, तो सुनावणी घेऊन ठरवतो. "मग तिथं आपल्याकडून कोण बोलतं?" इथं माझी बोलतीच बंद झाली.

कायद्यात सोय आहे. वीज कायदा 2003, कलम 94(3): ग्राहकांची बाजू मांडायला आयोग योग्य वाटेल त्याला अधिकार देऊ शकतो. देऊ शकतो, दिलाच पाहिजे असं नाही. आयोगाच्या जुन्या दरआदेशांत असे चार प्रतिनिधी सापडतात: मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची 'प्रयास', ठाणे-बेलापूरची उद्योग संघटना आणि विदर्भातली उद्योग संघटना. चारांतल्या दोन कारखानदारांच्या! खान्देशातलं कोणी नाही, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात 1924 पासून घरगुती ग्राहकांची बाजू मांडणारं वेगळं सरकारी कार्यालय आहे, ओहायोत 1976 पासून. आयोगापुढे भांडतात, निकाल पटला नाही तर कोर्टात जातात. आपल्याकडे वीज कंपनीच्या वकिलांची फी तिच्या खर्चात धरली जाते आणि तो खर्च दरातून आपणच भरतो. समोरच्याचा वकील आपण पोसायचा आणि आपला मात्र परवडत नाही? मला तो हवा आहे, आणि नुसता दरसुनावणीपुरता नको. सुरक्षा ठेव, मीटर, फेरविचार, थेट दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणापर्यंत त्याला जाता आलं पाहिजे.

निवृत्त वायरमन (भुसावळ)

कंपनी सरकारची, वकीलही सरकारचा. कोण कोणाविरुद्ध भांडणार? तुमच्या त्या ओहायोत 2011 साली विधिमंडळानंच त्या कार्यालयाच्या बजेटला कात्री लावली, तेही सांगा की. इथं काय होईल, मी सांगतो. ऑफिस, गाडी, शिपाई, आणि त्याचा खर्च पुन्हा बिलात एक नवा आकार म्हणून. शिवाय तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. तिथं जायचा कंटाळा लोकांनाच. नोकरीभर शिव्या मात्र खांबावर चढलेल्यानं खाल्ल्या.

पांझरा (साक्री)

मंच शे, मान्य भो. पन दरनी सुनावनी नाशिकले. साक्रीथून जावानं मंजे एक दिनना रोज बुडस, आनी तठे दोन मिन्ट बोलू देतस.

केळीबाग (रावेर)

माझा विरोध वेगळ्या कारणानं. माझ्या घराला एक मीटर आणि मळ्यात पंप. शेतीचा दर कमी ठेवतात, त्याचा भार कारखाने, दुकानं आणि जास्त युनिट जाळणारी घरं उचलतात. घरगुतीचा वकील उभा राहिला की पहिलं काय मागेल? हा भार आमच्यावरून काढा. म्हणजे माझ्या घराचा वकील माझ्याच मळ्यावर उठणार. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्याला हे दुखणं नाही. इकडं मात्र गावात शिरा, दर दुसऱ्या घराचं हेच.

तापीकाठ

केळीबाग, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल 2024 पासून सरकार भरतंय, म्हणून आज ते तुम्हाला टोचत नाही. उद्या योजना बंद झाली तर शेतीसाठीही असाच माणूस लागेल, हे कबूल.

वायरमनकाका, 2025 आठवा. मार्चअखेर आयोगाचा दरआदेश आला. कंपनीनं फेरविचाराची तयारी केली, काही दिवसांतच आदेशाला स्थगिती मिळाली, जूनमध्ये नवा आदेश निघाला. बरोबर की चूक, ते जाऊ द्या. कंपनीला आपली बाजू घेऊन लगेच धावता आलं. आपल्या बाजूनं तितक्याच तातडीनं, पगारी, रोजच्या कामाचा भाग म्हणून कोण धावणार होतं? नेमणूक सरकारच्या हाती नको, हे तुमचं म्हणणं पटतं. मुदत ठरवा, मध्येच काढता येणार नाही असं करा.

सातपुड्याची लेक (शहादा)

तुम्ही दिल्लीपर्यंत पोहोचलात, मी आपली तहसीलच्या दारातच. सासऱ्यांच्या नावे एकदम पाच वर्षांपूर्वीचं जुनं येणं लागून आलं. मधल्या एकाही बिलात त्याचा उल्लेख नाही. कार्यालयात "आधी भरा, मग बघू." माहेरच्या एका ओळखीच्यानं कलम 56(2) दाखवलं: रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि ती थकबाकी म्हणून सलग दाखवली नसेल, तर वसूल करता येत नाही. साधा अर्ज लिहिला, पोच घेतली. पुढच्या महिन्यात रक्कम गायब.

मला वकील नको होता, सांगणारा हवा होता. अधिकार वाढवायचेच तर वरच्या बाजूला नको, खाली वाढवा. तालुक्याला एक माणूस, आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी.

निवृत्त वायरमन (भुसावळ)

याला माझा विरोध नव्हताच. पण इतकी वर्षं नोकरी करून हे 56(2) मला आज कळतंय. ताई, तो अर्ज आधी इथं टाका. नाव-नंबर खोडून.