प्रोसेसर घेताना स्टेपिंग विचारायचं की नाही?

जुनाबोर्ड (धागाकर्ता):
दोन महिन्यांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून इंटेलचा सेकंडहँड आय७-३९३०के प्रोसेसर आणला. घरच्या सर्व्हरवर एका व्हर्च्युअल मशीनला डिस्क कंट्रोलर थेट जोडायचा होता, त्याला व्हीटी-डी लागतं, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला हार्डवेअर थेट वापरू देणारी इंटेलची सुविधा. ते काही चालेना. बायोसच्या (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये दोन रात्री घालवल्या. शेवटी हीटसिंक काढला, पेस्ट पुसली आणि वरचा कोड वाचला : एसआर०एच९. म्हणजे सी१ स्टेपिंग. २०११ च्या नोव्हेंबरात हा प्रोसेसर बाजारात आला तेव्हा त्यातलं व्हीटी-डी सदोष होतं; नंतरच्या सी२ मध्ये, म्हणजे एसआर०केवाय कोडच्या चिपमध्ये, ते दुरुस्त झालं. नाव तेच, वेग तोच, कोअर सहाच. मला हवं होतं नेमकं तेवढंच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : स्टेपिंग म्हणजे त्याच डिझाइनची सुधारून काढलेली आवृत्ती. साधारणपणे अक्षर बदललं की बदल मोठा, नुसता आकडा बदलला की किरकोळ. माझं ठाम मत आहे की पैसे देण्याआधी हा कोड मागावा, आणि ऑनलाइन विकणाऱ्यांनी तो किमतीशेजारी लिहावा.

रात्रपाळी:
सहमत नाही. मी नोकरी सांभाळून लोकांना पीसी जुळवून देतो. २०२१ मध्ये एएमडीच्या रायझन ५००० प्रोसेसरचं बी२ स्टेपिंग येणार अशी बातमी आली, आणि ठरलेली खरेदी लोकांनी थांबवली. एएमडीने स्वतःच सांगितलं होतं की कामगिरीत किंवा सुविधांत काहीही फरक नाही. तरी लोक थांबले.

इंटेलच्या आय५-१३४०० चंही तसंच. काही नगांत अल्डर लेक या आधीच्या पिढीची चिप, काहींत रॅप्टर लेक या नंतरच्या पिढीची. रॅप्टरची मूळ एल२ कॅश (चिपमधली जलद मेमरी) मोठी, पण या मॉडेलमध्ये ती छाटून दोन्हीकडे साडेनऊ एमबीच ठेवली आहे. मग गिऱ्हाइकाने कोडसाठी चार दुकानं का पालथी घालायची? तो वेळ आणि पैसा चांगल्या पॉवर सप्लायवर घालवा.

निळीवायर:
रात्रपाळी, इंटेलचा जुना क्यू६६०० आठवतोय का? त्याच्या बी३ स्टेपिंगचा टीडीपी (किती उष्णता बाहेर काढावी लागेल तो आकडा) १०५ वॉट, जी० चा ९५. एफएसबी, म्हणजे प्रोसेसरचा वेग ज्यावर ठरायचा ती बस, २६६ वरून ३३३ मेगाहर्ट्झ केली की २.४ चा ३ गिगाहर्ट्झ व्हायचा, आणि तिथे जी० थंड राहायचा. तेव्हा लोक खोक्यावर एसएलएसीआर हा जी० चा कोड शोधूनच घ्यायचे.

उलटी गोष्टही घडली आहे. रायझन ५ १६०० चा पार्ट नंबर एईवर संपला तर १४ नॅनोमीटरचा पहिला झेन (एएमडीचं डिझाइन), एएफवर संपला तर १२ नॅनोमीटरचा झेन प्लस. नाव एकच, आणि एका अक्षरात एक पिढी पुढे! ज्याने लेबल वाचलं त्याचा फायदा झाला.

रात्रपाळी:
हे मान्य. पण आता बहुतेक दोष मायक्रोकोडने, म्हणजे बायोस अपडेटमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरने, निस्तरले जातात. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर क्रॅश व्हायला लागले तेव्हा, २०२४ मध्ये, आधी ०एक्स१२९ आणि मग ०एक्स१२बी हे मायक्रोकोड आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. तिथे कुठलं स्टेपिंग शोधून वाचला असतात? वाचवलं असतं ते वेळेवर केलेल्या बायोस अपडेटने.

जुनाबोर्ड:
त्यातच माझा मुद्दा आहे. जे प्रोसेसर आधीच खराब झाले होते ते त्या अपडेटने सुधारले नाहीत, ते बदलूनच घ्यावे लागले. एएमडीच्या जुन्या फेनॉम प्रोसेसरचं बघा. बी२ मधल्या टीएलबी (मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणारा भाग) दोषावर बायोसमधून उपाय आला, पण तो चालू केला की प्रोसेसर मंदावायचा. २००८ च्या बी३ मध्ये दोष सिलिकॉनमध्येच दुरुस्त झाला आणि ती किंमत मोजावी लागली नाही. ठिगळ आणि नवं कापड यांत फरक आहेच. एएमडीने निदान मॉडेलचा आकडा तरी बदलला, ९५५०, ९८५० असे शेवटी ५० लावले. गिऱ्हाइकाला दुकानातच कळायचं. इंटेलने ३९३०के च्या वेळी एवढं केलं असतं तर हा धागा काढायची वेळच आली नसती.

निळीवायर:
सेकंडहँड घेताना विक्रेत्याकडून सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामचा स्क्रीनशॉट मागा. स्टेपिंग आणि रिव्हिजन दोन्ही दिसतात, हीटसिंक काढावा लागत नाही.

रात्रपाळी:
सेकंडहँडपुरतं माझं मत बदलतो. व्हर्च्युअलायझेशनसाठी जुनी चिप घेत असाल तर कोड विचाराच. सीलबंद खोक्यासाठी मात्र नाही.

कोकणरेल्वे:
मध्येच विचारते. भाच्यासाठी इंटेलचा आय५-१२४००एफ घेतेय, कॉलेजचं काम आणि थोडे गेम. एका दुकानात सी० आहे, दुसऱ्यात एच०, आणि एच० साडेतीनशे रुपयांनी स्वस्त. कोणता घेऊ?

जुनाबोर्ड:
ताई, स्वस्त असलेला एच० घ्या. सी० ही मोठी चिप, तिचे दोन पी-कोअर (वेगवान) आणि सगळे ई-कोअर (कमी वीज खाणारे) बंद केलेले. एच० मुळातच सहा कोअरची. भाच्याच्या कामात फरक जाणवणार नाही.