सरकारी घरं माळावर की शहरात?

पायवाट
काल इथे एकाने लिहिलं, "सरकारने घरं बांधायच्या फंदात पडू नये. शहराबाहेरची जमीन मोकळी करावी, रस्ता द्यावा, बाकी बाजार बघून घेईल." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पैसा सरकारनेच घालावा, आणि तो शहराच्या आत, आहे त्या बस-रेल्वेच्या काठाने घालावा. व्हिएन्नात कार्ल मार्क्स हॉफ ही पालिकेची वसाहत 1930 साली उभी राहिली. किलोमीटरभर लांब, आतच धुलाईघरं, बालवाड्या, दवाखाना. आजही व्हिएन्नातले निम्मे लोक पालिकेच्या नाहीतर अनुदानित घरांत राहतात.

माळावरचं घर कागदावर स्वस्त. पाणी, ड्रेनेज, शाळा, बस तिथवर ओढत न्यायचा खर्च कोण धरतो? आम्हाला असं घर मिळालं होतं. घर चांगलं होतं, भिंती कोरड्या. पण वस्तीची शेवटची बस साडेसातला, आणि आई कामावरून सुटायची सातला. बस चुकली की हमरस्त्यापासून 4 किलोमीटर अंधारात चालत. मी खिडकीत बसून तिच्या टॉर्चचा ठिपका शोधायचे. 3 वर्षांनी घराला कुलूप लावून आम्ही शहरात भाड्याच्या एका खोलीत परतलो.

मोजपट्टी
वाचून वाईट वाटलं, पण एका घरावरून धोरण ठरत नाही. अमेरिकेत सेंट लुईसची प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत शहरातच होती ना? 11 मजली 33 इमारती. 1950च्या दशकात बांधल्या, 1972 पासून पाडायला घेतल्या. सरकारला बांधता येतं, सांभाळता येत नाही.

पायवाट
बांधायला पैसा सरकारचा, देखभाल मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून, अशी तिथली व्यवस्था होती. शहरातली माणसं घटली, भाडं आटलं, दुरुस्ती थांबली. त्यात दाटीचा काय दोष?

चौथा मजला
दुरुस्तीचं मला विचारा. आमची इमारत भर शहरात, लिफ्ट 5 महिने बंद. गुडघ्याच्या ऑपरेशनला नेताना वडिलांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची आणि ते डोळे मिटून कठडा धरायचे. शिवाय 60 घरांना गाडीच्या जागा 14. ही तुमची दाट वस्तीची शहरं!

चाकजोडी
पार्किंग निघालंच आहे तर बोलतो. एक गाडी लावायला, आत-बाहेर करायची वाट धरून, 25 ते 30 चौरस मीटर जातात. तेवढ्यात एक छोटं घर बसतं. घरामागे पार्किंगची सक्ती केली की ज्याच्याकडे गाडी नाही तोही त्याचे पैसे भरतो. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराने 2021 मध्ये ही सक्ती काढून टाकली. जपानमध्ये तर 1962 पासून कायदा आहे: गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा दाखवा, मगच नोंदणी.

चौथा मजला
जपानसारखी रेल्वे आधी द्या, मग गाडीवर बोला. माझी मुलगी रात्रपाळी करते. पहाटे 3 वाजता तिने काय करायचं?

चाकजोडी
गाडी काढून घ्या असं मी कुठे म्हणालो? फुकट जागा देऊ नका म्हणतोय. फुटपाथवर लावलेल्या गाडीमुळे माझा भाऊ रस्त्यावर उतरला आणि मागून धडक बसली. 2 वर्षं झाली, अजून काठी घेऊन चालतो. त्यामुळे मला शांतपणे बोला म्हणू नका.

मोजपट्टी
भावाचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण पार्किंग पुरे, मूळ मुद्दा जमिनीचा आहे. सिंगापुरात 1960 मध्ये गृहनिर्माण मंडळ आलं, आज 80 टक्क्यांच्या आसपास लोक त्याच्या घरांत राहतात, हे मान्य. पण तिथली बहुतेक जमीन सरकारची आहे. इतर शहरांनी भर वस्तीत जागा आणायची कुठून?

पायवाट
जुनी रेल्वे यार्डं, बंद कारखाने, पडून असलेले डेपो. आणि हातातलं आहे ते विकू नका. ब्रिटनने 1980 च्या कायद्याने पालिकांची घरं भाडेकरूंना सवलतीत विकायला काढली. एकट्या इंग्लंडमध्ये 20 लाखांच्या आसपास घरं गेली, तेवढी नवी झाली नाहीत. आणि चौथा मजला, दाटी म्हणजे मनोरेच असं नाही. पॅरिस बहुतेक 6-7 मजलीच आहे, तरी चौरस किलोमीटरला 20 हजारांच्या आसपास माणसं राहतात.

मोजपट्टी
पॅरिसची भाडीही बघा. माळावर बांधू नये, एवढंच मान्य करतो. बांधणारं सरकारच हवं, हे नाही.

चौथा मजला
6 मजले, चालू लिफ्ट आणि देखभालीचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा काढलेला, एवढं असेल तर माझी हरकत नाही. गाडीचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.