हिरवं दिसतंय म्हणजे पीक बरं आहे, असं नाही

वर एकांनी विचारलंय की उपग्रहाच्या चित्रात हिरवळ दिसत असेल तर दुष्काळ मानायचा कशाला? हे मला अजिबात पटत नाही. एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला हिरवळीचा निर्देशांक, लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून हिरवेपणा सांगतो, बस. ते पान पिकाचं की तणाचं, हे त्याला कळत नाही. शिवाय तो उशिरा बोलतो. पाणी कमी पडलं की पान आधी रंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) मिटून घेतं, बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानातून वाफ होऊन पाणी जाणं, मंदावतं आणि पान तापू लागतं. भर दुपारी असं पान हातात घेऊन बघा: रंग हिरवाच, पण कडा आत वळलेल्या. पिवळेपणा त्यानंतर येतो, तोवर उत्पादन गेलेलं असू शकतं. म्हणून पृष्ठभागाचं तापमान सोबत बघायलाच हवं.

जमिनीतल्या ओलाव्यासाठी २०१५ साली सोडलेला स्मॅप हा उपग्रह आहे, पण तो थेट मोजतो वरचा साधारण ५ सेंमीचा थर. ग्रेस (२००२ ते २०१७) ही जुळ्या उपग्रहांची जोडी आणि २०१८ पासूनची तिची वारस ग्रेस-एफओ तर दोन उपग्रहांमधलं सुमारे २२० किमी अंतर मोजत राहून, त्यातून कळणाऱ्या गुरुत्वाकर्षणातल्या फरकांवरून एकूण पाणीसाठ्यातले बदल टिपण्यासाठी, काय अफाट काम आहे! फक्त त्यावरून एका गावाचा निर्णय करू नये, तेवढं बारीक त्याला दिसत नाही.

आणि आकडा सुटा वाचू नका. एनडीव्हीआय ०.४ माळरानावर उत्तम, ऐन भरातल्या पिकावर काळजीचा. व्हीसीआय हा निर्देशांक म्हणूनच आजचा एनडीव्हीआय त्याच जागेच्या, त्याच काळातल्या आधीच्या वर्षांशी ताडून बघतो.